लाटेवरची शिकवणी

काही विद्या अशा असतात की त्या जेथे जन्मतात तेथे त्यांना शिक्षकाची गरज भासत नाही. घरातील मूल जसे आईची भाषा उचलते, तशी त्या त्या समाजातील मुले ही विद्या आपोआप उचलतात. शिक्षकाचा प्रश्न उभा राहतो तो परका माणूस ती विद्या मागू लागतो तेव्हा. समुद्राच्या फुटत्या लाटेवर फळी टाकून, तिच्यावर उभे राहून किनाऱ्याकडे झेपावत येण्याची कला ही अशा विद्यांपैकी एक होय. इंग्रजीत तिला सर्फिंग म्हणतात. ती पॉलिनेशियातील बेटांवर वाढली आणि प्रशांत महासागराच्या मध्यावर असलेल्या हवाई बेटांत पूर्णत्वाला पोचली. हवाईच्या भाषेत तिचे नाव ‘हेए नालू’ असे आहे. ‘हेए’ म्हणजे घसरणे आणि ‘नालू’ म्हणजे लाट. या कलेची नवशिक्याला दिलेली पहिली शिकवणी कशी घडून आली, आणि तिने त्या कलेचे व तिच्या मूळ धन्यांचे काय केले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

कॅप्टन कुकची जहाजे 1778 साली हवाई बेटांना लागली. पुढच्याच वर्षी, 14 फेब्रुवारी 1779 रोजी, केआलाकेकुआ उपसागराच्या काठी झालेल्या चकमकीत कुक मारला गेला आणि त्याच्या सफरीची हकीकत पुरी करण्याचे काम लेफ्टनंट जेम्स किंग याच्याकडे आले. 1784 साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात, खडकाळ किनाऱ्यावर आपटणाऱ्या प्रचंड लाटांमध्ये फळ्यांवरून लीलेने वावरणाऱ्या स्त्रीपुरुषांचे वर्णन आहे. ज्या काळी युरोपातील बहुसंख्य खलाशांना पोहताही येत नव्हते, त्या काळी हे दृश्य पाहून बघणारे थक्क झाले असल्यास नवल नाही.

त्या समाजात ही कला राजापासून रंकापर्यंत सर्वांची होती. पहिला कामेहामेहा राजा आणि त्याची राणी काआहुमानू हे दोघेही लाटेवर स्वार होण्यात निष्णात म्हणून नावाजलेले होते. मात्र फळ्यांमध्ये पंक्तिभेद होता. ‘विलीविली’ नावाच्या हलक्या लाकडाची, पंधरा-सोळा फूट लांब आणि जाडजूड ‘ओलो’ ही सरदार घराण्यांची फळी. सर्वसामान्य लोक ‘अलाइआ’ नावाची पातळ व आखूड फळी वापरीत, आणि लहान मुले ‘पाइपो’ या त्याहून लहान फळीवर पोट टेकून किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात खेळत. ‘पाकी’ नावाच्या सरदाराच्या भल्यामोठ्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. दरसाल ‘माकाहिकी’ नावाचा उत्सवकाळ येई. त्या चार महिन्यांत युद्ध वर्ज्य असे आणि खेळांना उधाण येई. अशा समाजात शिकवणीची गरजच नव्हती. पाइपोवर लोळणारे मूल मोठे होता होता अलाइआवर उभे राही. ते कधी शिकले, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

पुढे या समाजावर संकटांची मालिकाच कोसळली. परक्या जहाजांबरोबर देवी, गोवर, इन्फ्लुएंझा असे रोग आले आणि त्यांचा प्रतिकार करण्याची शक्ती बेटवासीयांच्या शरीरांत नव्हती. कुकच्या आगमनाच्या वेळी हवाईत निदान काही लक्ष लोक राहत असत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ रहिवाशांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास येऊन ठेपली. 1819 साली जुनी धार्मिक निषेधव्यवस्था मोडली आणि तिच्याबरोबर उत्सवांचा आधारही गेला. 1820 मध्ये अमेरिकेहून मिशनरी आले. त्यांना अंग उघडे टाकून स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळणे रुचले नाही. त्यांच्यातील एक प्रमुख, हायरम बिंगम, याने 1847 साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, फळीचा खेळ मागे पडला याचे कारण लोकांत वाढलेली लज्जा, उद्योगशीलता आणि धर्मभावना हे होय. या मीमांसेत रोगराईने ओस पडलेल्या गावांचा हिशेब नव्हता. जो खेळ मुले मोठ्यांचे पाहून शिकतात, तो मोठेच उरले नाहीत तर कोणाचे पाहून शिकणार? तरीही कला समूळ नष्ट झाली नाही. ओआहू बेटावरील वायकीकी आणि इतर काही किनाऱ्यांवर ती तग धरून राहिली. 1885 साली कॅलिफोर्नियात शिकत असलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझ येथे तेथील रेडवूड लाकडाच्या फळ्या करवून लाटांवर स्वारी केली, ही त्या चिवटपणाची साक्षच होय.

या काळात बेटांना भेट देणाऱ्या परक्यांची एक दृढ समजूत झाली होती की, ही विद्या रक्तातूनच यावी लागते. प्रसिद्ध अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन 1866 साली एका वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून हवाईत आला होता. त्याने स्वतः एकदा प्रयत्न करून पाहिला. फळी योग्य जागी ठेवली, क्षणही योग्य साधला. परंतु फळी एकटीच किनाऱ्याला गेली आणि ट्वेनसाहेब त्याच क्षणी तळाला पोचले. 1872 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात ही फजिती सांगून त्याने निष्कर्ष काढला की, बेटवासीयांखेरीज इतरांना या कलेत कधीच प्रावीण्य मिळणार नाही. वस्तुतः ट्वेनला उणे होते ते रक्त नव्हे, तर गुरू. लाट ओळखून देणारा आणि फळीला हात लावणारा कोणी त्याच्या पाठीशी नव्हता.

तो हात पाठीशी आल्यावर काय होते, हे 1907 साली दिसून आले. त्या वर्षी कादंबरीकार जॅक लंडन आपल्या ‘स्नार्क’ नावाच्या नौकेतून जगप्रवासाला निघाला होता. वायकीकीच्या किनाऱ्यावर तो लहान मुलांच्या घोळक्यात एका छोट्या फळीशी झटापट करीत होता. मुले सरसर किनाऱ्याला जात आणि हा मागे राही. तेव्हा अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाचा गृहस्थ पुढे झाला. फोर्ड हाही मूळचा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा, नुकताच हवाईत येऊन या खेळाच्या नादी लागलेला. त्याने लंडनची छोटी फळी टाकून द्यायला लावली, कारण तिचे टोक उथळ तळाला रुतले असते तर स्वाराच्या पोटातच घुसले असते. आणि आपली मोठी फळी त्याला दिली. चांगली लाट येण्याची वाट पाहून त्याने नेमक्या क्षणी फळीला ढकलले, आणि लंडन लाटेबरोबर धावू लागला. फोर्डला स्वतःला शिकवणारा कोणी भेटला नव्हता. कित्येक आठवडे धडपडून त्याने जे मिळविले, ते त्याने अर्ध्या तासात आपल्या हवाली केले, अशी कृतज्ञ नोंद लंडनने केली आहे. लंडन नंतर खोल पाण्यातही गेला. तेथे जॉर्ज फ्रीथ या तरुणाने त्याला युक्तीच्या आणखी काही गोष्टी सांगितल्या. उन्हाचे मात्र कोणालाच भान राहिले नाही. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या कातडीने लंडनला अंथरुणाला खिळविले. या अनुभवावर त्याने लिहिलेला लेख त्याच वर्षी एका अमेरिकन मासिकात छापून आला आणि वायकीकीचे नाव घरोघर पोचले.

या अर्ध्या तासात शास्त्र काय होते, हे पाहण्यासारखे आहे. लाट फळीला आपल्याबरोबर नेते, पण त्यासाठी लाट येऊन पोचते त्या क्षणी फळीला बरीचशी गती आलेली असावी लागते. थांबलेल्या फळीखालून लाट नुसती निघून जाते. नवशिक्याच्या हातांत वल्हविण्याचे बळ नसते आणि डोळ्यांना लाटेची पारख नसते. येणाऱ्या दहा लाटांतून कोणती घ्यावी आणि केव्हा वळावे, हे कळायला वर्षे लागतात. ही दोन्ही ओझी गुरू आपल्या अंगावर घेतो: लाट तो निवडतो आणि गतीही तोच देतो. शिष्याकडे उरतो तो केवळ तोल. वजन पुढे गेले की फळीचे नाक पाण्यात शिरते, मागे गेले की लाट हातची सुटते. म्हणून आधी वाळूवर फळी ठेवून, पालथे पडून एका झेपेत उठण्याचा सराव करवायचा, पाय फळीच्या मध्यभागी, गुडघे किंचित वाकलेले आणि दृष्टी पायांकडे न ठेवता समोर, एवढे अंगवळणी पाडायचे आणि मग पाण्यात उतरायचे. आखाड्यातला वस्ताद जसा नव्या पठ्ठ्याला एकेका डावाला धरून शिकवतो, तशीच ही एकास एक अशी विद्या आहे. वायकीकीचा समुद्रही या शिकवणीला अनुकूल होता. दुरून आलेल्या लाटा तेथील उथळ प्रवाळखडकांवर सावकाश फुटत आणि लांबवर धावत. त्यामुळे पडलेल्याला पुन्हा उठण्याची संधी मिळे.

वायकीकीवर 1901 साली मोआना हॉटेल उघडले होते. 1927 मध्ये रॉयल हवाईयन आले. प्रवासी वाढले आणि शिकवणी हा धंदा झाला. तो करणाऱ्या हवाईयन तरुणांना ‘बीच बॉईज’ म्हणत; पन्नाशी उलटलेला कसलेला गुरूही या नावाने ‘पोऱ्या’च राही. तेव्हा देशाची स्थिती काय होती? 1893 साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले होते आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडून घेतली होती. जमीन, साखरेचे मळे, सरकारी अधिकार सारे परक्यांच्या हाती गेले होते. फोर्डने 1908 साली ही कला टिकावी म्हणून ‘आउटरिगर कनू क्लब’ स्थापन केला, पण त्याचे सभासद बहुतांशी गोरेच होते. हवाईयन तरुणांनी ‘हुई नालू’, म्हणजे ‘लाटांची मंडळी’, हा आपला वेगळा क्लब काढला. किनाऱ्यावर नोकर समजला जाणारा हा तरुण पाण्यात शिरताच धनी होई. तेथे सावकाराला, सेनापतीला, राजपुत्रालाही त्याच्या हुकमाची वाट पाहावी लागे. 1920 साली इंग्लंडचे युवराज, पुढे अल्पकाळ राजे झालेले आठवे एडवर्ड, वायकीकीला लाटांवर उतरले तेव्हा त्यांच्यासोबत होता ड्यूक काहानामोकू.

ड्यूक हे त्याचे नावच होते, पदवी नव्हे. 1890 साली होनोलुलूत जन्मलेल्या या जलतरणपटूने स्टॉकहोमच्या 1912 च्या आणि अँटवर्पच्या 1920 च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. 1914 च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात गेला. तेथे पाईनच्या लाकडाची फळी स्वतः तासून त्याने सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर आपली कला दाखविली. इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याने आपल्या फळीवर पुढे घेतले. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहताना तिला कड्यावरून पाहिल्यासारखे वाटले आणि ती बिचकली. तेव्हा ड्यूकने तिला मानगुटीला धरून उभे केले. पुढे ती स्वतः नावाजलेली जलतरणशिक्षिका झाली. ड्यूकची ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक मंडळाने जपून ठेवली आहे. जॉर्ज फ्रीथ 1907 सालीच कॅलिफोर्नियात गेला होता. एका रेल्वेसम्राटाने आपल्या किनाऱ्यावर गर्दी जमावी म्हणून त्याला प्रात्यक्षिकांसाठी ठेवून घेतले. फ्रीथने त्याबरोबरच तेथील तरुणांना बुडत्याला वाचविण्याची विद्या शिकविली. 1908 च्या डिसेंबरात वादळात सापडलेल्या जपानी कोळ्यांना वाचविल्याबद्दल त्याला जीवरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. 1919 साली इन्फ्लुएंझाच्या साथीत, पस्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला. ड्यूकनेही 1925 मध्ये कॅलिफोर्नियात उलटलेल्या नौकेतील आठ जणांना आपल्या फळीवरून ओढून काढले. लाट वाचायला शिकणे म्हणजे प्राण वाचवायला शिकणे, हा त्या शिकवणीचा गाभाच होता.

या शिकवणीने कला जगविली यात शंका नाही. जी विद्या काही मोजक्या किनाऱ्यांवर उरली होती, ती एका पिढीत तीन खंडांत पसरली. फायबरग्लास आणि फोमच्या हलक्या फळ्या आल्यावर तर तिला सीमाच उरल्या नाहीत. परंतु याच प्रसारात मूळ धनी दिसेनासे झाले. अनेकांच्या मनात फोर्ड आणि लंडन हे या खेळाचे उद्धारक ठरले. ज्यांनी पडत्या काळात ती कला अंगात जिवंत ठेवली, त्यांची नावे बहुधा कोणी लिहूनच ठेवली नाहीत. फोर्डने अर्ध्या तासात दिलेली विद्या त्याच्या काही आठवड्यांची कमाई होती, हे खरे. पण त्या आठवड्यांत त्याच्या डोळ्यांसमोर लाटांवर धावणारी मुले हवाईची होती, आणि त्यांच्यामागे शतकांची परंपरा उभी होती.

काळाने या विस्मरणाची थोडीबहुत भरपाई केली. टोकियोच्या 2020 च्या, प्रत्यक्षात 2021 साली भरलेल्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले. महिलांच्या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक होनोलुलूत जन्मलेल्या, हवाईयन वंशाच्या कॅरिसा मूरने जिंकले. ऑलिंपिकमध्ये आपली कला दिसावी ही ड्यूकची इच्छा होती. तो 1968 साली वारला होता.

भारताच्या किनाऱ्यांवरही आता ही शिकवणी चालते: कर्नाटकातील मुल्की येथे, गोव्यात आणि चेन्नईजवळच्या कोवलम येथे. कोवलमला ती देणारे अनेक तरुण कोळ्यांच्या घरचे आहेत. शहरातून आलेला सुशिक्षित नवशिका फळीवर पालथा पडून, मागे उभ्या असलेल्या कोळ्याच्या शब्दाची वाट पाहतो, तेव्हा वायकीकीचाच जुना प्रसंग पुन्हा घडत असतो. त्या घटकेपुरती पदवी, पैसा, प्रतिष्ठा यांची उतरंड उलटी होते आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशी राहिलेल्याचे ज्ञान वर येते. किनाऱ्यावर परतल्यावरही ती जाणीव टिकली, तरच घेतलेली विद्या पचली असे म्हणता येईल. शुल्क देऊन लाट घेता येते; ती ओळखणाऱ्या डोळ्यांचे ऋण मात्र आठवणीनेच फेडावे लागते.