८८, ४४ आणि आमच्या पडवीतला निकाल

गेल्या शनिवारी कपाट आवरायला काढलं. (बायकोच्या भाषेत, 'एकदाचं काढलं'.) खालच्या खणात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात माझं पीएसपी सापडलं. २००६ साली ऑनसाईटला असताना पहिल्या दोन पगारांतून वाचवून घेतलेलं. चार्जिंगला लावलं, दिवा लागला, आत 'रिज रेसर'ची डिस्क तशीच होती. मग काय, कपाट राहिलं बाजूला. :-)

दोन तास खेळून झाल्यावर सहज म्हणून त्या वेळची परीक्षणं शोधून वाचायला घेतली. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. मेटाक्रिटिक नावाची साईट निरनिराळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते. तिथे पीएसपीच्या 'रिज रेसर'ला १०० पैकी ८८ आहेत. आणि त्याच नावाच्या, त्याच सोनीच्या पुढच्या हातातल्या मशीनवर, म्हणजे पीएस व्हिटावर, आलेल्या 'रिज रेसर'ला ४४. बरोब्बर निम्मे! पहिल्यात डिस्टिंक्शन आणि दुसऱ्यात गटांगळी. सात वर्षांत असं झालं तरी काय?

त्याचा विचार करताना मला तिसरी एक गाडी आठवली, जिला कुणीच कधी गुण दिले नाहीत. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मालवण तालुक्यात मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते. या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरते. आणि ती ठरली की मुंबईचे चाकरमानी गाडीची तिकिटं काढायला धावतात. १९९५-९६ च्या सुमारास अशाच एका जत्रेत, खाजाच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मध्ये, एका स्टॉलवर बाबांनी बरीच घासाघीस करून आम्हाला 'ब्रिक गेम' घेऊन दिला. डब्यावर ऐटीत लिहिलेलं, '९९९९ इन १'. प्रत्यक्षात मोजून थोडे खेळ, आणि त्यांचाच वेग आणि पातळी बदलत पुढचे आकडे. (मार्केटिंग खातं सगळीकडे सारखंच.)

त्यात वरून पडणाऱ्या विटा होत्या, साप होता, आणि गाडी होती. पडदा १० बाय २० चौकोनांचा. एकूण २०० चौकोन, एकतर काळे नाहीतर कोरे. म्हणजे अख्खं जग २५ बाइटांत मावतं. त्यात आमची गाडी सात चौकोनांची: वर एक, मग तीन, मग एक, आणि खाली दोन चाकं. समोरून गाड्या येणार, आपण डावीकडे उजवीकडे व्हायचं. आपटलो की चौकोनांचा स्फोट, एक जीव कमी, आणि लगेच पुन्हा सुरू. बस्स.

ही कल्पना तरी कुठून आली? तर तिची वंशावळ १९७६ पर्यंत जाते. अमेरिकेतल्या मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने त्या सुमारास 'ऑटो रेस' नावाचा हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक खेळ आणला. पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असलेल्या हातातल्या खेळांत तो पहिला धरतात. जॉर्ज क्लोझ यांच्या डोक्यातली कल्पना अशी की कॅल्क्युलेटरची चिप खेळासाठी वापरायची. ती चिप रॉकवेलची, आणि तिथल्या मार्क लेसर यांनी प्रोग्राम लिहिला, तोही ५१२ बाइटांत. गाड्या म्हणजे लाल दिव्यांचे ठिपके. ९९ सेकंदांत चार फेऱ्या मारायच्या.

आपल्या धंद्यातल्या मंडळींसाठी जरा हिशोब: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा ३ बाइट खाते. म्हणजे ५१२ बाइटांत १७० चिन्हं. हा परिच्छेदसुद्धा त्यात बसणार नाही. त्या माणसाने अख्खी शर्यत बसवली.

असो. तर हातातल्या मशीनवरची पहिली गोष्टच मुळी गाड्यांची शर्यत होती. नंतर १९८९ ला गेमबॉय आला, १९९० ला सेगाचा गेम गिअर, २००१ ला गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, आणि शर्यतीही येत राहिल्या. पण पुढे त्यांच्या परीक्षणांत एक ठरलेलं वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतं: 'हातातल्या मशीनच्या मानाने' छान आहे. आपल्याकडे पाहुणे म्हणतात ना, 'वयाच्या मानाने हुशार आहे हो', तसं. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सबरोबर आलेल्या 'एफ-झिरो'चं समीक्षकांनी कौतुक केलं, पण पडद्याला स्वतःचा दिवा नाही, अंधारात दिसत नाही, ही तक्रार त्या मशीनच्या वाट्याला कायमची आली. (आमच्या ब्रिक गेमलाही दिवा नव्हता. आम्हाला वाटायचं, दिवसा खेळायची वस्तू आहे.)

आता 'रिज रेसर'. नामकोचा हा खेळ १९९३ साली आर्केडमध्ये आला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर. जपानमध्ये तर त्याची एक आवृत्ती अशी होती की खऱ्या माझदा गाडीत बसून समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर शर्यत खेळायची! ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये पहिलं प्लेस्टेशन विक्रीला आलं तेव्हा 'रिज रेसर' त्याच्याबरोबरच आला. आर्केडमधली मजा घरात आली हे पटवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याने ते केलं. या खेळाचा जीव एकाच गोष्टीत आहे: वळणावर गाडी आडवी घसरवत न्यायची आणि वेग फारसा सोडायचा नाही. भौतिकशास्त्राशी याचा संबंध नाही. मजेशी आहे.

बरोबर दहा वर्षांनी, १२ डिसेंबर २००४ ला, जपानमध्ये पीएसपी आलं आणि पुन्हा पहिल्याच दिवशी 'रिज रेसर' (जपानमध्ये नाव 'रिज रेसर्स'). २४ मार्च २००५ ला अमेरिकेत. गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात निन्टेन्डोच्या डीएस या दोन पडद्यांच्या मशीनवरही 'रिज रेसर डीएस' आला होता. तो आधीच्या 'रिज रेसर ६४'वरून बेतलेला. स्पर्शाच्या पडद्यावर स्टिअरिंगचं चित्र, ते काडीने नाहीतर अंगठ्याने फिरवायचं. कल्पना ऐकायला झकास, पण समीक्षकांना काही ते जमलं नाही, आणि चित्रही जुन्या काळातलं वाटलं. डीएसवाला पास क्लासमध्ये गेला, पीएसपीवाल्याची मिरवणूक निघाली.

मिरवणुकीचं कारण वाचताना स्पष्ट दिसतं. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२, म्हणजे १,३०,५६० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं, कुठे अडखळणं नाही. समीक्षकांच्या लेखी पहिल्यांदाच 'च्या मानाने' हे शब्द गळून पडले. खिशातली गोष्ट घरातल्या टीव्हीवरच्या गोष्टीसारखी दिसत होती. आता खरं बघितलं तर खेळात नवं किती होतं? आधीच्या भागांतले डझनावारी रस्ते एकत्र केलेले, वर नायट्रोचा तडका. सुरुवातीच्या शर्यती सोप्या, आणि मित्रांबरोबर खेळायचं तर सगळे एकाच जागी हवेत, प्रत्येकाकडे स्वतःचं मशीन हवं. काही परीक्षणांत असल्या त्रुटी आल्याही आहेत. पण गुण देताना त्यांना माफी मिळाली. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात गेमबॉय होता.

२०११ च्या डिसेंबरात जपानमध्ये व्हिटा आलं, २०१२ मध्ये बाकीच्या जगात. परंपरेप्रमाणे पुन्हा 'रिज रेसर'. पण या वेळी विकत घेतलेल्या खेळात रस्ते ३ आणि गाड्या ५. बाकीचं नंतर डाउनलोड करा. एकट्याने खेळायला धड स्पर्धामालिकाही नाही. समीक्षक उखडले, आणि बरोबरच उखडले. पण परीक्षणं नीट वाचली तर गाडी चालवण्याबद्दल, त्या घसरत्या वळणाबद्दल राग कमीच आहे. राग आहे तो मोजमापाबद्दल, की पैसे इतके आणि माल एवढासा? मधल्या काळात आयफोन आला होता, २००९ साली 'रिअल रेसिंग' फोनवर आला होता, खिशात शर्यत असण्याचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. व्हिटावरच 'वाइपआउट २०४८' भरगच्च होता. दुसऱ्या पारड्यात आता हे सगळं बसलं होतं. पूर्वी माफ झालेलं या वेळी माफ झालं नाही, आणि वर माल खरोखरच कमी होता. ८८ चे ४४.

इथपर्यंत सगळं कागदोपत्री आहे. आता कागदाबाहेरचं.

मे २००७ मध्ये सुट्टीवर गावी गेलो तेव्हा पीएसपी बरोबर नेलं. माझा चुलतभाऊ भाई माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेव्हा मालवण स्टँडवर रिक्षा चालवायचा. ब्रिक गेमच्या काळात पडवीतला सर्वात तरबेज ड्रायव्हर तोच. मी ऐटीत पीएसपी त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ही बघ खरी गेम. नायतर आपला ता डबडा!"

भाईने खेळून बघितलं. वळणावर गाडी आडवी घसरली तसा हसायला लागला. "अरे, रिक्षा अशी वळवलंय तर उलटी पडतली!" मग पोरं गोळा झाली. पण पडवीत दुपारचं ऊन, त्या चकचकीत पडद्यात माड आणि कौलं दिसायला लागली. मागच्या पोरांना काही दिसेना, ती ढकलाढकली करून कंटाळली. एक शर्यत संपायला काही मिनिटं, तोवर बाकीच्यांनी काय करायचं? आणि ते भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी बॅटरी संपली आणि लाईट नव्हती. संपला कार्यक्रम.

मशीन परत देताना भाई म्हणाला, "गाडी बरी आसा. पण आमची ती वायट नव्हती हां."

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच्या 'आमची' या शब्दाने तेव्हाच कुठेतरी टोचलं होतं, आणि परवा ती परीक्षणं वाचताना पुन्हा टोचलं. ब्रिक गेमवर आम्ही पाच जण होतो आणि नियम एकच: आपटली की मशीन दुसऱ्याकडे. एक जीव म्हणजे एक पाळी. "माका दी, माझो नंबर इलो!" काळे चौकोन इतके ठसठशीत की खांद्यामागून तिघांना दिसायचे, आणि ऊन जितकं जास्त तितके चांगले दिसायचे. दोन पेन्सिल सेलांवर महिनेच्या महिने. पाचवीतल्या पोराला कळेल आणि आजीलाही कळेल असा खेळ. (आजी खेळली नाही, पण आपटल्यावर हळहळायची ती.) हे आमचे निकष होते. ते कुणी शिकवले नव्हते, पण होते, आणि कडक होते. त्याच निकषांवर पीएसपी त्या दुपारी आमच्या पडवीत नापास झालं. आणि मी, चार चकचकीत परीक्षणं वाचून आलेला, नापास झालेल्याची बाजू घेऊन पास झालेल्याला डबडा म्हणत होतो.

मला वाईट याचं वाटतं की इतिहास लिहिला जातो तो लिहून ठेवलेल्यावरून. 'ऑटो रेस'च्या प्रोग्रामरचं नाव आपल्याला ठाऊक आहे. 'रिज रेसर'वर शेकडो पानं लिहिली गेली. ब्रिक गेममधली ती सात चौकोनांची गाडीही कुणीतरी रात्री जागून, चार बिटांच्या चिपवर, एकेक बाइट वाचवत लिहिली असणार. डब्यावर त्या माणसाचं नाव नव्हतं. त्याला कुणी परीक्षण लिहून पाठवलं नाही, आणि आम्ही तर मराठी शाळेतली पोरं, आम्हाला परीक्षण म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. म्हणून उशिरा का होईना, लिहून टाकतो.

ब्रिक गेम, गाडीचा खेळ. चित्र: सात चौकोन, पण गाडीच दिसते. आवाज: कर्कश, काकी ओरडायची. रस्ता: एकच, कधी न संपणारा. हाताळणी: दोन बटणं, दाबल्याक्षणी हलते, आपटलं तर चूक आपलीच. एकत्र खेळण्याची सोय: एका मशीनवर पाच जण, हे पीएसपीला जमलं नाही. दोष: आकडा ९९९९ हा खोटा आहे.

गुण देण्याआधी म्हटलं ज्येष्ठ समीक्षकाला विचारावं. रविवारी भाईला फोन लावला. त्याची मुलगी आता मोबाईलवर गाड्या पळवते म्हणे. मी विचारलं, आपल्या गाडीला शंभरपैकी किती देशील? आधी त्याला कळेचना कुठली गाडी, मग खूप हसला. म्हणाला, "मार्क कसले देतंस? काकीच्या ट्रंकेत आसा अजून. येताना सेल घेऊन ये."

पुढच्या महिन्यात जातोय. दोन पेन्सिल सेल बॅगेत टाकलेत. कपाट मात्र अजून तसंच आहे. :-)