राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप : लिंबागणेशच्या ग्रामपंचायतीपासून दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयापर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत एक शाळा सुरू केली. तिचे नाव ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’. राजकारण हे सभेतल्या भाषणावर भागत नाही, त्याचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते, ही त्यामागची भूमिका. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. दुसरी तुकडी निघालीच नाही. आपल्या चळवळीत या शाळेचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

आज बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावातून बी.ए., एम.ए. राज्यशास्त्र करणारा मुलगा किंवा मुलगी विचारते, “सर, इंजिनिअरिंगवाल्यांना कंपनी असते, आम्ही इंटर्नशिप कुठे करायची?” प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना बहुतेक जण दिल्लीची यादी वाचून दाखवतात. मी उलट्या क्रमाने जाणार आहे, कारण दिल्लीच्या अर्जात जे विचारले जाते ते गावात तयार होते.

सक्तीचे १२० तास

नवीन शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना २०२३-२४ पासून लागू झाली, तीत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. विद्यार्थी त्याला ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. पदवीच्या स्तरावरही क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि ओजेटीला जागा ठेवलेली आहे. म्हणजे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप शोधायची नाही, ती त्याच्या गळ्यात आधीच पडलेली आहे.

पण होते काय? ओळखीच्या संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्का घेतला जातो, हजेरीपत्रक एका बैठकीत भरले जाते आणि अहवाल मागच्या वर्षीच्या मुलाकडून मिळतो. विद्यार्थ्याला चार श्रेयांक मिळतात, प्राध्यापकाची डोकेदुखी संपते. यात नुकसान कोणाचे? ज्याच्या घरात सरपंच, वकील किंवा अधिकारी आहे त्याचे नाही. त्याला कार्यालयाचे कामकाज जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळते. ज्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात, त्या मुलासाठी हे १२० तास म्हणजे सरकारी कार्यालयात अर्जदार म्हणून नव्हे, तर शिकाऊ म्हणून खुर्चीवर बसण्याची बहुधा पहिली संधी असते. ती सहीवर घालवू नका.

कुठे करायचे? सर्वांत जवळची जागा ग्रामपंचायत. महाविद्यालयाचे पत्र घेऊन सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. पत्रावर ‘प्रशिक्षण’ एवढेच न लिहिता कामाचा विषय लिहून न्या. विषय ठरलेला नसला की विद्यार्थ्याला कोपऱ्यात बसवतात आणि झेरॉक्स आणायला पाठवतात.

विषय भरपूर आहेत. ग्रामपंचायतीचे सगळे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत असते. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. गावात कोणाचे घर कोणाच्या नावावर लागले आहे, हे तिथे दिसते. बौद्ध वस्तीतली किती घरे नमुना ८ ला लागली आहेत आणि किती अजून ‘अतिक्रमण’ म्हणून बाहेर आहेत, एवढे एकच काम नीट केले तरी तो पदव्युत्तर दर्जाचा अहवाल होतो. घर नोंदीवर नसले की घरकुल अडते.

दुसरा विषय पैशाचा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायची असते. गेल्या तीन वर्षांत ती १५ टक्के रक्कम किती झाली, कशावर गेली? अनेकदा समाजमंदिराच्या रंगरंगोटीवर किंवा वस्तीपासून लांबच्या पथदिव्यावर ती दाखवलेली असते. वित्त आयोगाच्या निधीचे आराखडे आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. ते छापून घ्या आणि प्रत्यक्ष कामाजवळ जाऊन उभे राहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास ही योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून येते, तिचेही तसेच करा.

तिसरा विषय ग्रामसभेचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. इतिवृत्त वाचा. किती ठराव झाले, किती बायका बोलल्या, आपल्या वस्तीतून कोण आले, कोणाचा मुद्दा नोंदला गेला आणि कोणाचा नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ‘सहभागी लोकशाही’ म्हणतात, तिचा गावातला हिशेब त्या वहीत असतो.

एक सावधगिरी. शिकाऊ म्हणून गेलात तर पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. तो हक्क तुमच्याजवळ आहेच, पण प्रशिक्षणाचे नाते वेगळे आणि तक्रारीचे वेगळे. वही वाचायला मिळतेय तोवर वाचा. दाखवायलाच नकार आला तर २००५ चा कायदा आहे. गावात राहायचे आहे हेही लक्षात ठेवा. आपल्याच गावात बौद्ध वस्तीतल्या मुलाने दप्तर मागणे ही साधी गोष्ट नसते, म्हणून महाविद्यालयाचे पत्र आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचा फोन हे दोन्ही आधी पक्के करा. शक्य असेल तर दोघांनी मिळून शेजारचे गाव घ्या.

गावात नको असेल तर बीड शहरात सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचे कार्यालय आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हायला हवी. गेल्या काही वर्षांत किती झाल्या आणि त्यांत काय ठरले, हा विषय कोणत्याही विद्यापीठात शोधनिबंधाला पुरेल.

नागपूर आणि मुंबई

महाराष्ट्र विधिमंडळाचे वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. पागे हे विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. इंटर्नशिप नाही, काही दिवसांचा वर्ग आहे. पण सभागृह चालू असताना आत बसून पाहता येते. निवड विभागामार्फत होते, म्हणून नोव्हेंबरच्या आधीच विभागप्रमुखांना विचारून ठेवा. आपल्या मुलांना हे अनेकदा वर्ग संपल्यावर कळते.

मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, मध्ये खंड पडून पुन्हा चालू झाली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव अशा अटी आहेत. पूर्णवेळ इंटर्नशिपचा काळ त्या अनुभवात धरला जातो, हे अनेकांना माहीत नसते. शिक्षण संपलेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, त्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले. केंद्राची त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आपल्या विषयाशी तिचा संबंध थोडा.

आंतरराष्ट्रीय संबंधांत रस असेल तर मुंबईत २००९ पासून काम करणारी ‘गेटवे हाऊस’ ही संस्था इंटर्न घेते. दिल्लीत सप्रू हाऊसमधील भारतीय जागतिक व्यवहार परिषद आणि मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था आहे. सगळीकडे इंग्रजी लेखनाचा नमुना मागतात. इथेच आपली मुले माघार घेतात. ग्रामपंचायतीवरचा तोच अहवाल प्राध्यापकांच्या मदतीने सहा पानी इंग्रजीत उतरवा. दिल्लीतल्या उमेदवाराकडे हवामान कराराचा सारांश असतो, नमुना ८ त्याने पाहिलेला नसतो.

दिल्ली

परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप ही यातली सर्वांत चांगली, कारण ती पैसे देते. जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशी वर्षाला दोन सत्रे, मुदत एक ते तीन महिने, मानधन महिना १०,००० रुपये, शिवाय दिल्लीचे विमानभाडे. राहण्याची सोय मात्र स्वतःची. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय २५ च्या वर नसावे. पदवी पूर्ण असावी, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर संधी आहे. निवडीत राज्यांना वाटा आहे, महिलांना किमान ३० टक्के जागा आहेत आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य आहे.

या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार आहेत : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. बीड नाही. शेजारच्या कळंबच्या मुलीला जे प्राधान्य मिळते ते लिंबागणेशच्या मुलीला नाही, जरी दोघींच्या आया एकाच कारखान्याला ऊस तोडत असल्या तरी. ही यादी कशी ठरली यावर भांडता येईल, पण अर्ज भरताना गैरसमज नको.

संसदेचे काम शिकायचे तर ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ची ‘लॅम्प’ फेलोशिप २०१० पासून आहे. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदाराबरोबर पूर्णवेळ काम : प्रश्न तयार करणे, विधेयकांवर टिपणे, खासगी विधेयकांचे मसुदे. वय २५ पर्यंत. विद्यावेतन संस्था देते, खासदार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची उन्हाळी व हिवाळी प्रत्यक्ष इंटर्नशिप असते आणि काही दिवसांची ऑनलाइनही असते. दिल्लीला जाणे परवडत नसेल त्याने ऑनलाइनपासून सुरुवात करावी.

नीती आयोगाची इंटर्नशिप सहा आठवडे ते सहा महिन्यांची आहे आणि बिनपगारी आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के गुण मागतात. दिल्लीत सहा आठवडे स्वतःच्या पैशाने राहू शकणारा आणि बारावीला ८५ टक्के मिळवणारा मुलगा कोणत्या घरातला असेल, हे सांगायला नको. धोरण आखणाऱ्या संस्थेचेच हे धोरण.

पैसा ही चाळणी

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात इंटर्न असलेला न्यूझीलंडचा २२ वर्षांचा डेव्हिड हाइड तलावाकाठी तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली. संयुक्त राष्ट्रांचे सचिवालय इंटर्नला पैसे देत नाही. त्याच कुटुंबातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ यांसारख्या संस्था मात्र विद्यावेतन देतात. अमेरिकेच्या व्हाइट हाऊसने इंटर्नना पैसे द्यायला २०२२ साली सुरुवात केली.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बुद्धी त्यांची होती, पण बोटीचे आणि खोलीचे भाडे कोणीतरी दिले होते. आपल्या उपासक संघांनी, कर्मचारी संघटनांनी, जयंती मंडळांनी याचा विचार करावा. १४ एप्रिलच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एका मुलीची दिल्लीतली दोन महिन्यांची खोली सुटू शकते. तिथे आपले अधिकारी आहेत, खासदारांकडे काम करणारे आपले लोक आहेत. त्यांच्या घरातली एक खाट हीसुद्धा शिष्यवृत्तीच आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला रेल्वे आली, ती अहिल्यानगरपर्यंत नेते. पुढची सोय आपण करायची.

उलट बाजूही सांगतो. ‘इंटर्नशिपसाठी नोंदणी फी’ मागणाऱ्या, घरबसल्या पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. कामाला पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत, द्यावे मात्र लागत नाहीत.

जात प्रमाणपत्राबद्दल

बौद्ध विद्यार्थी केंद्राच्या अर्जात इथेच अडकतात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रात सवलती मिळाल्या त्या १९९० च्या कायदा दुरुस्तीने. पण केंद्राच्या कामासाठी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि त्यात मूळ अनुसूचित जातीची नोंद लागते. नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेला राज्याचा दाखला तिथे नाकारला जाऊ शकतो. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ असेल तर वडिलांचे किंवा आजोबांचे जुने निर्गम उतारे शोधावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळते, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून जातो. जूनमध्ये तिथे दहावी-बारावीच्या प्रवेशाची रांग असते, म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या. घरचे ऊसतोडीला गेलेले असतील तर जाण्याआधी त्यांची कागदपत्रे आणि सह्या घेऊन ठेवा.