घराचा दस्त : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. पण बांधलेले घर विकत घेऊन ते आपल्या नावावर करून घेणे हा खटाटोप त्याहून बिकट आहे, हे ज्याने तो केला त्यालाच ठाऊक. या विषयाकडे आम्ही वकिलाच्या नजरेने पाहणार नाही; इतिहासाच्या नजरेने पाहणार आहोत. विकणाऱ्याचा हक्क कोठून आला, जागेच्या सीमा कोणत्या, आणि व्यवहार चारचौघांत झाला की गुपचूप, हे तीन प्रश्न आज घर घेणाऱ्याला पडतात. ते दोन हजार वर्षांपूर्वीही पडत होते.

नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिले, आणि ते त्याने विकत घेतले होते. शेत कोणाकडून घेतले? वाराहीचा पुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून. किंमत? चार हजार कार्षापण. विकणाऱ्याकडे ते कोठून आले? ते त्याच्या पित्याचे होते. जागा कोठे? नगराच्या सीमेवर, वायव्येच्या बाजूस. आजच्या खरेदीखतात जे असावे लागते, ते सारे या चार उत्तरांत आले. त्याच उषवदाताच्या दुसऱ्या लेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांची हकीकत आहे, आणि शेवटी सांगितले आहे की, हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविले. म्हणजे दान देणारा राजाचा जावई असला, तरी नुसत्या त्याच्या शब्दावर भागत नव्हते. नगराच्या सभेने ऐकावे आणि दप्तराने लिहून घ्यावे, तेव्हाच व्यवहार पक्का होई.

पुढे यादवांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या सीमा सांगितलेल्या दिसतात. आजच्या दस्तातील चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस अमुकाचे घर आणि पश्चिमेस रस्ता ही यादी, त्याच परंपरेतली आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे व महजर होई. त्यावर लिहिता न येणाऱ्यांच्याही निशाण्या असत. कुणब्याचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारे. सही करणारा निरक्षर असेल, पण साक्ष उघड होती.

आपल्या शहराकडे वळू. मलिक अंबराने 1610 च्या सुमारास खडकी वसविली. 1653 मध्ये औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि तिचे औरंगाबाद झाले. मोगल अमलात विक्रीच्या कागदावर काझीची मोहोर लागे. पुढे निजामाच्या राज्यात दरबारची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दू झाली. दस्त, कब्जा, वारस, हक्क, मुखत्यार हे शब्द आपण आजही वापरतो, ते याच वहिवाटीचे अवशेष होत. जुन्या मोहल्ल्यांतील कित्येक घरांचे मूळ कागद उर्दूत आहेत. नातवाला ते वाचता येत नाहीत, आणि न वाचलेला कागद पुढे वादाचे मूळ होतो.

येथे इंग्लंडची हकीकत सांगणे उपयोगी पडेल. कारण आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा इंग्रजी कायद्याच्या वळणावरच झाला. त्या देशात शतकानुशतके घराची मालकी म्हणजे जुन्या दस्तांचे गाठोडे असे. घेणाऱ्याच्या वकिलाने साठ वर्षे मागे जाऊन ते तपासावे, असा दंडक होता. 1874 मध्ये साठाची चाळीस, 1925 मध्ये तीस आणि 1969 मध्ये पंधरा वर्षे झाली. दरम्यान 1862 मध्ये सरकारी नोंदणी खाते निघाले. पण विक्रीनंतरची नोंद इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र सक्तीची होण्यास 1990 साल उजाडले. तेथे आता दस्ताची नव्हे, तर मालकीची नोंद होते, आणि नोंदीत चूक होऊन नुकसान झाले तर सरकार भरपाई देते. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर घेतात तेव्हा एक गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटते. सौदा तोंडी ठरला तरी तो कोणासही बांधत नाही. आधी घराची तपासणी, मग नगरपालिकेकडील चौकशी, मग दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल. त्या क्षणापासून मात्र माघार नाही. त्यानंतर ठरल्या दिवशी पैसे आणि किल्ली.

आपल्याकडे इसारपावती होते, मग शोध घेतात, मग खरेदीखत. इसाराने करार होतो, मालकी मिळत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदविलेल्या दस्तानेच होते. पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. विकणारा खरा मालक आहे की नाही, याची हमी तो देत नाही. सातबारा वा मिळकत पत्रिकेवर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही न्यायालये मानीत नाहीत. ते शोधण्याचे ओझे घेणाऱ्याच्याच खांद्यावर आहे.

हे ओझे या शहरात कोणावर पडले, ते पाहा. चिकलठाण्याला आणि पुढे वाळूजला कारखाने आले, खेड्यांतून माणसे आली. शेतमालकांनी गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या. तुकडेबंदीमुळे अशा तुकड्यांचे खरेदीखत नोंदले जात नव्हते, म्हणून मुद्रांकाच्या कागदावर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन व्यवहार झाले. आयुष्याची पुंजी त्या एका कागदावर गेली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट दिली आणि 2021 च्या दुरुस्तीने ती 2020 अखेरपर्यंतच्या वसाहतींना खुली केली. पण वसाहत नियमित होणे निराळे आणि मालकी निर्दोष होणे निराळे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'ने मालकी जात नाही.

या माणसांना मूर्ख म्हणणे आम्हांस मान्य नाही. उघड दार बंद होते, म्हणून ते मागच्या दाराने गेले. दोष असलाच तर तो अशा व्यवस्थेचा, की जिने गरिबाच्या लहान जागेसाठी दप्तरच उघडे ठेवले नाही. सदनिकांच्या बाबतीत कायदा आता अधिक जागा झाला आहे. 1963 च्या कायद्याने नोंदलेल्या कराराआधी बांधणाऱ्यास पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. 2016 च्या कायद्याने ती मर्यादा दहाव्या हिश्श्यावर आणली.

तात्पर्य एवढेच. इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याचे मूळ कागद मागावेत. उर्दू वा मोडी असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत. निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, सर्व वारसांची संमती पाहावी, बोजा आहे का ते विचारावे, आणि चतुःसीमा कागदावर नव्हे तर जागेवर उभे राहून मोजाव्यात. अश्विभूतीचे शेत घेताना उषवदाताने जे पाहिले, तेच आपण पाहावयाचे आहे. राजाच्या जावयाला जी काळजी घ्यावी लागली, ती घेण्यात आपल्याला कमीपणा कसला?