खाडी, रूळ आणि साष्टी

आमच्या उपनगरांतल्या माणसाला 'राहता कुठे?' असे विचारले, तर तो नुसते गावाचे नाव सांगून थांबत नाही. 'अंधेरी, पूर्व' किंवा 'घाटकोपर, पश्चिम' अशी पुस्ती तो जोडतोच. ही पूर्व आणि ही पश्चिम सूर्याने ठरवलेली नाही. आगगाडीच्या रुळांनी ठरवलेली आहे. ज्या रेषेने आमच्या गावांचे असे दोन भाग पाडले, ती रेषा कोणी, कशासाठी आणि कशावरून आखली, याचा थोडा विचार आज करावा असे आम्हांस वाटते.

वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत ज्या भूमीवर आम्ही राहतो ती मुळात मुंबई नव्हे. ते साष्टी बेट. सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी, असे त्याचे नाव सांगितले जाते. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला समुद्र. मध्यभागी कान्हेरीचे डोंगर आणि त्यांतून निघणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या लहान नद्या. पोर्तुगीजांकडून हे बेट मराठ्यांनी १७३७ साली घेतले, १७७४ साली ते इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिले. राज्ये बदलली, पण दळणवळणाची वाट बदलली नाही. भात, मीठ, मासळी, लाकूड यांची ने-आण मचव्यांतून आणि पडावांतून, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून होत असे.

इंग्लंडातील मँचेस्टर शहराचा इतिहास वाचताना प्रथम कालवा येतो आणि मग रेल्वे येते. कोळसा स्वस्तात आणण्यासाठी तेथे १७६१ साली कालवा खणला गेला. १८३० साली लिव्हरपूलहून आगगाडी आली. आमच्याकडे कालवा खणण्याची गरजच पडली नाही. निसर्गाने खाड्यांच्या रूपाने तो आयताच दिला होता. मात्र मँचेस्टरने रेल्वे आल्यावरही आपल्या पाण्याकडे पाठ फिरवली नाही. १८९४ साली तर समुद्रातली जहाजे थेट शहरात येतील असा मोठा कालवा त्यांनी खुला केला. आमच्या पाण्याच्या वाटेला मात्र निराळे दैव आले.

मुंबई आणि साष्टी यांना जोडणारा पहिला बांध सायनला, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र लोक होडीनेच जात. सरकार खर्च करीना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला. त्यावर पथकर घेऊ नये, ही त्यांची अट होती. साष्टीच्या शेतकऱ्याला आणि कोळणीला मुंबईचा बाजार पायी गाठता आला, तो या एका स्त्रीच्या औदार्यामुळे, हे विसरता कामा नये.

रेल्वेची कल्पनाही आमच्याच भूमीत सुचली. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता, मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे घाट जोडणारा लोहमार्ग करावा, हा विचार त्यांच्या मनात आला. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी यांच्यासारख्यांनी तो उचलून धरला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन, २१ तोफांच्या सलामीत, २१ मैलांवरच्या ठाण्याकडे निघाली. ही कथा शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. परंतु ती गाडी कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड यांच्या शिवारांतून गेली ती या गावांसाठी नव्हे, हे सहसा सांगितले जात नाही. तिचे डोळे घाटापलीकडच्या कापसावर होते, आणि त्या कापसाची भूक मँचेस्टरला होती. १८६३ साली भोर घाट आणि १८६५ साली थळ घाट ओलांडला गेला, तेव्हा तो हेतू सिद्धीस गेला.

पश्चिमेचा मार्गही असाच गुजराथच्या कापसाकडून आला. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईची खाडी ओलांडून १८६४ साली ग्रँट रोडला पोचली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार आणि बॅकबे यांच्यामध्ये उपनगरी गाडी सुरू झाली: सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. दिवसात एक गाडी! आज जिच्यावर लक्षावधी लोकांचे पोट अवलंबून आहे, त्या व्यवस्थेचा जन्म असा कापसाच्या गाठींच्या पाठीवर झाला.

पुढे माणसेच मुख्य झाली. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या चाळींतला माणूस मोकळ्या हवेच्या शोधात बाहेर पडू लागला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९२५ साली विजेची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली आणि १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज पोचली. कारकून, शिक्षक, गिरणीतला जॉबर, सगळे साडेआठच्या गाडीचे झाले. १९५० आणि १९५७ साली ही गावे टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली. तेव्हा कागदावर ती मुंबई झाली. रुळांनी त्यांना मुंबई आधीच करून टाकले होते.

पण कापसासाठी आखलेल्या मार्गांत एक मोठे व्यंग राहून गेले. दोन्ही मार्ग दक्षिणोत्तर. दोन्ही बंदराकडे धावणारे. घाटकोपर आणि अंधेरी यांच्यामध्ये अंतर ते किती? साधारण पाच मैल. तरी एकीकडून दुसरीकडे आगगाडीने जायचे तर आधी दादरला उतरायचे आणि पुन्हा उलट यायचे! कापसाला आडवे जायचे नव्हते, म्हणून माणसालाही आडवी वाट मिळाली नाही.

ही चूक एकदा ध्यानी आली होती. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला जाणारी सुमारे आठ मैलांची साष्टी-तुर्भे रेल्वे सुरू झाली. मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ती बांधली आणि जी. आय. पी. ने चालवली. साष्टीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जोडणारी ही पहिली लोखंडी वाट. परंतु सहाच वर्षांत, १९३४ साली ती बंद झाली आणि अंधेरीकडचे रूळ निघाले. पुढे त्याच बाजूला सांताक्रूझचा विमानतळ पसरला. त्यानंतर ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत, म्हणजे तब्बल ८० वर्षे, आडव्या प्रवासाला रूळ मिळाले नाहीत. या ८० वर्षांत साकीनाक्याच्या रस्त्यावर बसमध्ये लोंबकळत किती पिढ्यांचे आयुष्य गेले, त्याचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही.

रूळ निघाले तशी पाण्याचीही वाट बुजली. विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी घेऊन मिठी नदी साकीनाका, विमानतळ, कुर्ला असे वळसे घेत माहीमच्या खाडीला मिळते. धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवला गेला. वांद्रे-कुर्ल्याच्या खाजणात भराव पडून मोठाल्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. काठावरच्या वस्त्यांनी आणि कारखान्यांनी उरलेले पात्र अरुंद केले. लोक तिला नाला म्हणू लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीचे पाणी आत शिरू लागले, तेव्हा मिठीने आपली जुनी जागा परत मागितली. कुर्ल्याची, कलिन्याची घरे पाण्याखाली गेली. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि हजारो लोक रुळांवरून चालत घरी निघाले. ज्या रुळांनी दीडशे वर्षे पाण्याला मागे सारले होते, त्यांना पाण्याने त्या दिवशी थांबवले.

आम्ही रेल्वेला दोष देत नाही. तिच्याविना आमच्यापैकी बहुतेक जण या उपनगरांत आलेच नसते. परंतु इतिहास पाहता दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. वाट आखताना मालाचा विचार झाला आणि माणसाचा मागाहून झाला, तर ती उणीव भरून काढायला पिढ्या जातात. आणि भूमीच्या पोटातली पाण्याची वाट बुजवली, तर पाणी ती विसरत नाही. आज उपनगरांत नवे मार्ग, नवे पूल, नवे भराव चाललेलेच आहेत. त्यांचे नकाशे लोकांपुढे येतात तेव्हा आम्ही नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत: यावरून कोण जाणार, आणि याखालून पाणी कुठे जाणार?

वेसावे आणि मढ यांच्यामध्ये, मार्वे आणि मनोरी यांच्यामध्ये आजही होडी चालते. ज्यांना सवड असेल त्यांनी एखाद्या रविवारी मुलाबाळांसह तीत बसावे. साष्टी हे बेट आहे, हे नकाशावर कळते. होडीत बसल्यावर ते पटते.