काळी, पांढरी आणि कोपी

बीडहून धाराशिवकडे निघाले म्हणजे वाटेत आमचे चौसाळा गाव लागते. हे गाव इथेच का वसले असावे, असा प्रश्न मी गेल्या वर्षी वर्गात विचारला. एकाने रस्ता सांगितला, दुसऱ्याने पाणी. तिसरा म्हणाला, "सर, गाव आहे कुठं? दसरा झाला की आमच्या आळीला कुलपंच!" पोरे हसली. मला मात्र त्याचे उत्तर विसरता आले नाही.

आपल्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांचे थर साचत पांढर उंचावते. इतिहासकार दप्तरे उघडतो. पण दप्तरे फार मागे जात नाहीत. तिथून पुढे पुराणवस्तुशास्त्रज्ञाची कुदळ. बरे, एकट्या कुदळीनेही भागत नाही.

श्रोतेहो, इनामगावचेच पाहा ना. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली जाणती मंडळी. इसवी सनापूर्वी 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षे नांदलेले गाव! आधी ऐसपैस चौकोनी घरे, इ. स. पूर्व 1000 नंतर मात्र लहान गोल झोपड्या. नुसती घरे पाहणारा म्हणेल, दुसरेच लोक आले. पण मडक्यांचे वळण जुनेच, जोर्वे पद्धतीचे. मग वनस्पतींच्या अभ्यासकाने जळके दाणे निवडले, प्राण्यांच्या अभ्यासकाने हाडे मोजली. शेती खालावली होती, शिकार वाढली होती. ढवळीकरांनी अनुमान काढले : पाऊस हटला आणि घर करून राहणारा शेतकरी अर्धा भटका झाला.

वाद तिथे मिटला म्हणता? तिथे मूल दगावले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात घालीत नि घराच्या जमिनीखाली पुरीत. त्या चिमुकल्या हाडांचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शग या विदुषींनी 2011 साली ग्रंथ लिहिला. मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. पण सगळे खापर एकट्या अवर्षणावर फोडायला त्यांनी हरकत घेतली.

आता त्या पोराच्या कुलपांकडे वळू. ऊसतोडीला गेलेल्या घराविषयी भूगोलवाला पर्जन्यछायेचा नकाशा काढील, अर्थशास्त्रवाला मुकादमाच्या उचलीचा हिशेब मांडील. मागे राहिलेल्या म्हातारीला भाकरी कोण घालते, हे समाजशास्त्रवाल्याने विचारावे. यांतले काहीच ठाऊक नसताना कुणी उद्या इथली पांढर खणली आणि कारखान्याजवळची कोपीची जागाही खणली, तर दोन निराळे लोक म्हणून तो मोकळा होईल. असतील ती एकाच कुटुंबाची दोन घरे!

अर्थात पांढर शिल्लक राहिली तर. गावोगाव ती माती खत म्हणून शेतात पडते आहे. शेतकऱ्याला तरी काय म्हणावे? पीक येते त्याने. परवा तोच पोरगा रानात सापडलेले एक खापर घेऊन आला. काठाला काळी रेघ, मोठे देखणे. मी विचारले, "कुठल्या थरातलं रे?"

म्हणाला, "सर, ट्रॉलीतलं."