ऑस्ट्रॉम, एलिनॉर

(७ ऑगस्ट १९३३–१२ जून २०१२). अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ. सामायिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी २००९ मध्ये त्यांना ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

जन्म लॉस अँजेलिस येथे. गणिताची पुरेशी पार्श्वभूमी नसल्याने अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. लॉस अँजेलिस परिसरात बेसुमार उपशामुळे भूजलात समुद्राचे पाणी शिरत होते. उपसा करणाऱ्यांनीच वाटाघाटी करून त्याला आळा कसा घातला, हा त्यांच्या प्रबंधाचा (१९६५) विषय होता. पुढे ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात पती व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये एक कार्यशाळा स्थापली. सुतारशाळेत काम शिकावे तसे संशोधन एकत्र बसून करावे, ही त्यामागची धारणा होती.

विचार व कार्य : कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण जास्त जनावरे सोडतो आणि कुरण उजाड होते, असे अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. यावर सरकारी नियंत्रण किंवा खाजगी मालकी हेच उपाय मानले जात. ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात तिसरी वाट दाखविली. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावात हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरील कुरणात सोडायच्या, असा १५१७ पासूनचा नियम आहे. अशा दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमधून त्यांनी आठ तत्त्वे काढली : स्पष्ट हद्दी, स्थानिक परिस्थितीशी जुळणारे नियम, ते ठरविण्यात वापरकर्त्यांचा सहभाग, देखरेख, चढत्या क्रमाने दंड, तंट्यांचा स्वस्त निवाडा, संघटनेच्या हक्काला शासनमान्यता आणि मोठ्या व्यवस्थांसाठी स्तरांची रचना.

नेपाळमधील कालव्यांच्या अभ्यासात शेतकऱ्यांनी चालविलेल्या योजना सरकारी योजनांपेक्षा सरस ठरल्या. शेतकऱ्यांच्या योजनांतील मातीदगडांचा बंधारा वरचेवर दुरुस्त करावा लागे. त्यासाठी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या (टेलच्या) शेतकऱ्यांचे श्रम लागत, म्हणून वरचे शेतकरी त्यांना पाणी सोडत. पक्के बांधकाम झाल्यावर ही गरजच उरली नाही आणि टेलचे पाणी घटले. अशी गुंतागुंत एका विद्याशाखेला उलगडत नाही, म्हणून परिसंस्था आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करण्याचा आराखडा त्यांनी २००९ मध्ये मांडला.

हवामानबदल : जागतिक बँकेसाठी २००९ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी ‘बहुकेंद्री’ भूमिका घेतली. केवळ जागतिक कराराची वाट पाहत न बसता शहरे, राज्ये व कुटुंबे यांनीही उत्सर्जन घटवावे. वीजबचत, स्वच्छ हवा हे लाभ स्थानिक पातळीवरही मिळतात आणि प्रयोगांतून परस्परविश्वास वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन. एका ठिकाणचे उत्सर्जन दुसरीकडे सरकणे, इतरांच्या प्रयत्नांचा फुकट लाभ घेणे हे धोकेही त्यांनी नोंदविले. एकच रामबाण उपाय त्यांना कधीच मान्य नव्हता.

कर्करोगाने ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासावरील रिओ परिषदेच्या तोंडावर लिहिलेला, तळापासूनच्या प्रयत्नांचा पुरस्कार करणारा त्यांचा लेख त्याच दिवशी प्रसिद्ध झाला.