काडतुसाची वही

मागच्या काही व्याख्यानांत आपण नागरिकाचे हक्क आणि राज्यसंस्था यांचा विचार केला, पण तो बराचसा कल्पनांच्या पातळीवर झाला. एखादं प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण घेऊन बोलावं, अशी सूचना काही श्रोत्यांनी केली होती. ती रास्त आहे. म्हणून आज आपण अमेरिकेतलं एक प्रकरण घेऊ. काडतुसं विकत घेण्यावर तिथे, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, निर्बंध आले. त्यावर बंदूक बाळगणाऱ्या लोकांनी काय केलं, आणि का केलं, हे पाहू.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे कोकणात किंवा विदर्भात एखाद्या शेतकऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. त्याने किती काडतुसं घ्यायची, किती जवळ ठेवायची, याला परवान्यातच मर्यादा घातलेली असते. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. तो कुरकुरतो, खेपा घालतो, पण ‘माझा मूलभूत हक्क गेला’ असं म्हणत नाही. कारण त्याच्या हातात आहे तो परवाना. अमेरिकन माणूस मात्र स्वतःच्या घटनेकडे बोट दाखवतो. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी आहे, आणि हा हक्क व्यक्तीचा आहे असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट म्हटलं. परवानाधारकाला नियम जाचक वाटतो. हक्कदाराला तोच नियम अपमानाचा वाटतो. आजच्या प्रकरणातला निम्मा राग या अपमानाचा आहे.

आता प्रश्न असा, की बंदुकीवर इतके कायदे असताना काडतुसाकडे वळायचं कशाला? याचं उत्तर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी फार स्पष्टपणे मांडलं होतं. हे गृहस्थ आपल्याला तसे परके नाहीत, १९७३ ते १९७५ या काळात ते भारतात अमेरिकेचे राजदूत होते. पुढे न्यूयॉर्कचे सिनेटर झाले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की बंदूक नीट ठेवली तर पिढ्यानपिढ्या टिकते. देशात आधीच कोट्यवधी बंदुका आहेत, त्या परत कोण गोळा करणार? काडतूस मात्र उडवलं की संपलं. ते पुन्हा विकत घ्यावंच लागतं. म्हणून १९९३ च्या सुमारास त्यांनी काही प्रकारच्या काडतुसांवर डोळे पांढरे होतील असा कर सुचवला. तो काही मंजूर झाला नाही, पण मुद्दा शिल्लक राहिला.

हा मुद्दा जितका हुशारीचा, तितकाच बंदूकधारकाला झोंबणारा. बंदुकीचा कायदा माणसाला आयुष्यात दोन-चार वेळा गाठतो. काडतुसाचा कायदा त्याला दर महिन्याला गाठतो. सरावाला जायचं असेल, मुलाला नेम शिकवायचा असेल, शिकारीचा मोसम आला असेल, प्रत्येक वेळी ओळखपत्र काढा आणि तुम्ही गुन्हेगार नाही हे पुन्हा सिद्ध करा. नियम लहान असतो, पण तो रोजच्या जगण्यात येऊन बसतो.

हा प्रयोग तिथे पहिल्यांदा झाला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. काडतुसं विकणाऱ्यालाही परवाना आला, परराज्यातून टपालाने काडतुसं मागवणं बंद झालं, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, वय वहीत लिहायचं असं ठरलं. म्हणजे आपल्या किराणा दुकानात उधारीची वही असते, तशी काडतुसाची वही!

पुढे काय झालं? वह्या भरत गेल्या आणि कपाटांत जात राहिल्या. एका डब्यात पन्नास काडतुसं, असे लाखो डबे, त्यांची लाखो नावं. ती वाचायची कुणी? आधी बहुतेक लांब बंदुकांच्या काडतुसांना नोंदीतून सूट मिळाली, १९८२ मध्ये सगळ्यात जास्त खपणाऱ्या पॉइंट टू-टू काडतुसांनाही मिळाली. शेवटी ज्या खात्याने हे राबवायचं, त्या खात्यानेच मान्य केलं की या नोंदींचा तपासाला फारसा उपयोग होत नाही. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने नव्या कायद्यात ही सक्ती गेली. बंदूकधारकांच्या स्मरणात हा धडा पक्का बसला: सरकार नाव लिहून घेतं, पण त्याने कुणाचा जीव वाचत नाही. पुढच्या प्रत्येक वादात हा अनुभव त्यांनी पुढे केला आहे.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. लॉस एंजेलिस शहरात काडतूस-विक्रीच्या नोंदी ठेवण्याचा स्थानिक नियम होता. २००४ मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी काढल्या आणि गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शंभर गिऱ्हाइकांमागे दोन-तीन जण असे निघाले, ज्यांना कायद्याने काडतूस घ्यायलाच मनाई होती. त्यांनी उघड्या दुकानातून, स्वतःच्या नावावर, हजारो काडतुसं नेली होती. म्हणजे वहीत माहिती होती. अडचण होती ती ती वेळेवर कुणी न वाचण्याची.

२००९ साली कॅलिफोर्नियाने पुन्हा प्रयत्न केला. ‘पिस्तुलाची काडतुसं’ घेताना अंगठ्याचा ठसा द्यायचा, असा कायदा झाला. तो अंमलात येण्याच्या तोंडावर, जानेवारी २०११ मध्ये, फ्रेस्नोच्या न्यायालयाने तो अडवला. कारण मोठं गमतीचं आहे. पिस्तुलाचं काडतूस म्हणजे नेमकं कोणतं? एकच काडतूस पिस्तुलात चालतं आणि रायफलीतही चालतं. दुकानदाराने ओळखायचं कसं? व्याख्या नीट केली नाही की कायदा कसा कोसळतो, हे तर्कशास्त्राच्या वर्गात आम्हाला तासभर लागला असता सांगायला. इथे एका डब्याने सांगितलं.

मग आलं २०१६ साल. आदल्या वर्षी डिसेंबरात सॅन बर्नार्डिनो इथे गोळीबारात चौदा माणसं मारली गेली होती. तेव्हाचे उपराज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांच्या पुढाकाराने ‘प्रस्ताव ६३’ थेट मतदारांसमोर गेला आणि सुमारे ६३ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यातून आणि विधिमंडळाच्या जोडकायद्यातून जी व्यवस्था आली ती अशी. जानेवारी २०१८ पासून काडतुसं फक्त परवानाधारक विक्रेत्यामार्फत, समोरासमोर. ऑनलाइन मागवली तरी ती दुकानात येणार. शेजारच्या नेवाडा किंवा ॲरिझोनातून विकत घेऊन गाडीत घालून आणली तर तो गुन्हा. आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीच्या वेळी संगणकावर तपासणी. म्हणजे वही आता कपाटात नव्हती. ती त्याच क्षणी वाचली जाणार होती. १९८६ च्या आक्षेपाला हे उत्तर होतं.

लोकांनी काय केलं? तीन गोष्टी केल्या.

पहिली, साठा. जून २०१९ मध्ये दुकानांत गर्दी उसळली. नियम येणार म्हटलं की माणूस साठवतो. आपल्याकडे साखरेचं रेशनिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. अमेरिकेने हे आधीही पाहिलं होतं. २०१२ च्या अखेरीस सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे कायदे येतील या धास्तीने पॉइंट टू-टू काडतुसं दुकानांतून जी नाहीशी झाली, ती पुढे बराच काळ सहज मिळेनात. कायदा आला नाही, पण त्याच्या भीतीने मात्र बाजार रिकामा झाला. काडतुसं कमी व्हावीत म्हणून केलेला नियम आधी घराघरांतले साठे वाढवतो, ही यातली पहिली विसंगती.

दुसरी, पळवाट. कुणी सीमेपलीकडे जाऊन आणली. कुणी घरीच काडतुसं भरण्याचा जुना छंद पुन्हा सुरू केला: पितळी कवच, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी.

तिसरी, न्यायालय. इथे एक नाव पुढे आलं, किम रोड. या कॅलिफोर्नियाच्या नेमबाज. १९९६ च्या अटलांटापासून २०१६ च्या रिओपर्यंत सलग सहा ऑलिम्पिकमध्ये त्यांनी पदकं मिळवली. उडत्या तबकड्यांवर नेम धरायचा हा खेळ, त्याच्या सरावाला काडतुसं ढिगाने लागतात. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजांच्या घरीही काडतुसांचा खर्च हा काय प्रश्न असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. २०१८ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात त्या पहिल्या वादी झाल्या. निवड चतुर होती. जिला देशाने सहा वेळा पदकासह परत येताना पाहिलं, तिची दर खेपेला तपासणी का?

खटल्यात जे बाहेर आलं, ते आम्हाला घोषणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नेहमीची तपासणी तेव्हा एका डॉलरची होती. ती कशी चालते? तुमचं नाव आणि पत्ता सरकारच्या बंदूक-नोंदीशी जुळला पाहिजे. घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, तर नकार. वीस वर्षांपूर्वी घेतलेली शिकारीची रायफल असेल तर तिची नोंदच नसण्याची शक्यता, कारण लांब बंदुकांच्या नोंदी राज्याने २०१४ पासून ठेवायला घेतल्या. तरीही नकार. मग एकोणीस डॉलरची दुसरी तपासणी, आणि काही दिवस थांबा. पहिल्या सात महिन्यांत नेहमीच्या तपासणीत सुमारे १६ टक्के लोक परत पाठवले गेले, आणि त्यातल्या बहुतेकांना काडतूस घ्यायला कसलीच मनाई नव्हती. पुढे हे प्रमाण कमी झालं, तरी ११ टक्क्यांच्या आसपास राहिलं. राज्याचं उत्तर असं, की यातल्या पुष्कळांनी नोंद दुरुस्त करून नंतर खरेदी केली, आणि खरोखर मनाई असलेले शेकडो लोक याच तपासणीत अडकले. दोन्ही बाजू आकड्यांबाबत खोटं बोलत नव्हत्या. कोणता आकडा मोठा मानायचा, हा वाद होता.

न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २३ एप्रिल २०२० ला तपासणी थांबवली; दुसऱ्याच दिवशी वरच्या न्यायालयाने त्यांचा आदेश रोखला. मधल्या काही तासांत लोकांनी परराज्यांत मागण्या नोंदवून घेतल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा कायदा घटनाबाह्य ठरवला, पुन्हा स्थगिती आली. २४ जुलै २०२५ ला अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. तेवढ्याने वाद मिटला असं मात्र नाही.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली होती. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की बंदुकीचा आजचा निर्बंध टिकायचा असेल तर तो देशाच्या जुन्या कायदेपरंपरेत बसतो हे सरकारने दाखवावं. झालं! वकील इतिहासाच्या दप्तरात शिरले. कॅलिफोर्नियाने जुन्या कायद्यांची लांबलचक यादी सादर केली. त्या यादीत काय निघालं? गुलामांना, कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना बंदूक आणि दारूगोळा मिळू नये म्हणून केलेले कायदे त्यात होते. न्यायाधीशांनी निकालपत्रात त्यावर नेमकं बोट ठेवलं.

इथे आपण भारतीयांनी कान टवकारायला हवेत. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात आपल्यावर शस्त्रकायदा आला. परवान्याची अट हिंदी माणसाला. युरोपियनाला नियमांतून सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत राहिले. १९१८ मध्ये अहिंसेच्या उपासकाने, गांधीजींनी, खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत धरलं. म्हणजे ‘कुणाकडे काय आहे याची यादी सरकार ठेवतं ती कशासाठी’, हा संशय वेडेपणाचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपलाही आहे.

मग आपलं मत काय? आम्हाला वाटतं, नाव लिहिलं गेल्याने हक्क जात नाही. मतदानाचा हक्क तर मतदारयादीवरच उभा आहे. सॅन बर्नार्डिनोत ज्यांची माणसं गेली, त्यांना ‘पाच मिनिटांची तपासणी हा अपमान आहे’ असं सांगणं सोपं नाही, आणि सांगूही नये. पण मतदारयादीचंच उदाहरण घेतलं तर पुढचं पाऊलही टाकावं लागतं. यादीत नाव चुकलं म्हणून मतदार केंद्रावरून परत गेला, तर आपण त्याला दोष देत नाही, यादी करणाऱ्याला देतो. काडतुसाच्या दुकानात हा न्याय उलटा झाला. चूक सरकारच्या नोंदीत, आणि खेपा, पैसे, दिवस नागरिकाचे. जे राज्य वही ठेवतं त्याने ती वाचलीच पाहिजे, हा धडा १९६८ च्या प्रयोगाने दिला. वहीतल्या चुकीचा भारही राज्यानेच उचलला पाहिजे, हा धडा २०१९ च्या प्रयोगाने. हे दुसरं घडेपर्यंत प्रामाणिक बंदूकधारकाचा राग नुसता हट्ट म्हणून उडवून लावता येणार नाही.

रेशनकार्डात वडिलांचं नाव चुकलं म्हणून, किंवा बोटांचे ठसे यंत्रात उमटत नाहीत म्हणून रांगेतून परत फिरलेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्या हातात बंदूक नसते, धान्याची पिशवी असते. प्रश्न मात्र हाच आहे. पुढच्या व्याख्यानात आपण ओळखपत्र आणि हक्क यांच्याकडे वळू, तेव्हा हे प्रकरण मनात असू द्या. प्रश्न असतील ते नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.